हवा बिल्टी पाहत नाही

ट्रकवाल्यांच्या घरात एक समज कधीपासूनचा चालत आलेला आहे. भरलेली गाडी सांभाळून न्यायची आणि रिकामी गाडी उडवत आणायची. भरलेल्या गाडीत माल असतो, भाडं असतं, जिनवाल्याचे (कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्याचे) दर तासाला फोन असतात. रिकाम्या गाडीत काय असतं? ताडपत्री, दोर, स्टेपनी आणि घराची ओढ. आमचे भाऊजी तर ठरलेलंच बोलतात, "रिकामी गाडी हाय वैनी, कितीसं डिझेल खाईन?"

खाते. चांगलं खाते. वेग वाढवल्यावर जे जादा डिझेल जळतं ते गाडी भरलेली असो की रिकामी, लिटरच्या हिशोबात जवळपास तेवढंच असतं. फरक एवढाच की भरलेल्या गाडीचं ते डिझेल भाड्यातून निघतं, रिकाम्याचं आपल्या खिशातून जातं. माझी ही पोस्ट एवढ्याच गोष्टीबद्दल आहे. बाकीचं ओघात येईल.

आम्ही हिंगणघाट तालुक्यातले. शेती आहे, पण ती वर्षाचं धान्य आणि थोडा कापूस एवढीच. घर चालतं ते दोन गाड्यांवर. एक दहाचाकी, गाडी-माल मिळून २८ टन पासिंगची. दुसरी जुनी २५१८. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ट्रकच्या मॉडेल नंबरातले पहिले दोन आकडे टनाचे, पुढचे दोन हॉर्सपॉवरचे. म्हणजे २५ टन आणि १८० घोडे.) नवी गाडी भाऊजींकडे, जुनी काकांकडे. काका नात्यातले नाहीत, सासऱ्यांच्या काळापासूनचे ड्रायव्हर आहेत. यजमान माल मिळवणं, दलालांशी बोलणं, आरटीओ, इन्शुरन्स हे बघतात. हिशोब माझ्याकडे. मी वर्ध्याला फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं. त्या फिजिक्सचा आयुष्यात काही उपयोग झाला असेल तर तो या डिझेलच्या वहीत.

सीझनला आमच्याकडून रुईच्या गाठी जातात. एक गाठ साधारण १७० किलोची. कधी भिवंडीच्या गोदामांत, कधी इचलकरंजीकडच्या सूतगिरण्यांत, कधी ४४ नंबरच्या हायवेने वडनेर, पांढरकवडा, पाटणबोरी करत खाली दक्षिणेत. सीझन सरला की सरकी, ढेप, सोयाबीनची डीओसी (तेल काढल्यावरची पेंड), तूर. परतीचा माल दर वेळी मिळतोच असं नाही. मिळाला तरी दोन दिवस पार्किंगमध्ये बसावं लागतं, आणि इकडे जिनवाला म्हणत असतो की परवा गाठी तयार आहेत, गाडी लावा. मग यजमान सांगतात, या तसेच. अशा "या तसेच" फेऱ्यांचं ॲव्हरेज मी वेगळ्या रकान्यात लिहायला लागले, तेव्हा मला ही भानगड दिसली.

आधी मोजायचं कसं ते सांगते, कारण ॲव्हरेजच्या गप्पा मारणारे दहातले आठ जण मोजतच नाहीत. मीटरवर ॲव्हरेजचा जो आकडा दिसतो तो मी धरत नाही. टाकी टू टाकी. निघताना टाकी फुल, आल्यावर त्याच पंपावर, त्याच मशीनसमोर पुन्हा फुल. तेच मशीन का, तर पंपाच्या फरशीला उतार असतो. गाडी तिरकी उभी राहिली की मोठ्या टाकीत पाच-सात लिटर इकडे-तिकडे सहज होतं. आणि नोझल खटकन बंद पडलं म्हणजे टाकी भरली असं नसतं. डिझेलला फेस येतो. फेस बसू द्यायचा, टाकीच्या गळ्यात डोकावून बघायचं, पुन्हा थोडं सोडायचं, पुन्हा थांबायचं. पंपावरचा पोरगा कंटाळतो, मागचा टेम्पोवाला हॉर्न देतो. देऊ दे. मग मीटरचं रीडिंग, तारीख, माल किती टन, वारा-पाऊस काही असेल तर तेही. वेगाचं काय, तर जीपीएसमुळे तो घरबसल्या मोबाईलवर दिसतो. भाऊजींना हे फारसं आवडत नाही.

तर वही काय म्हणते? दहाचाकी पूर्ण भरून सपाट रस्त्यावर ६० च्या आसपास धरून चालवली तर सव्वाचारचं ॲव्हरेज. तीच ८० ला लावली तर साडेतीन. रिकामी गाडी ६० ला पावणेसात देते, ८० ला पाच. आता इथे लोक फसतात. रिकामी गाडी ८० ला पळवूनही पाच देते म्हटल्यावर भरलेल्या गाडीच्या मानाने ते चांगलंच वाटतं, आणि कोणी पुढे विचार करत नाही. पण शंभर किलोमीटरला लिटर किती, असं उलटं करून बघा. भरलेली गाडी: साडेतेवीस लिटरवरून साडेअठ्ठावीस. रिकामी: पंधरावरून वीस. दोन्हीकडे पाच लिटर वाढले. भिवंडीपर्यंतचे ७०० किलोमीटर धरले तर ३५ लिटर, म्हणजे नव्वद-ब्याण्णवच्या भावाने तीन हजारांच्या वर. एका बाजूचे.

याचं कारण अगदी साधं आहे. गाडीला मागे ओढणाऱ्या गोष्टी तीन: टायर, चढ आणि हवा. समृद्धीसारख्या सपाट रस्त्यावर चढ थोडा वेळ बाजूला ठेवू. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे जाऊन मोकळा होतो, पुन्हा दबतो, आणि त्यात तापतो. ती उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. हे ओढणं वजनाच्या हिशोबात वाढतं. वेगाने त्यात फार फरक पडत नाही. हवेचं बरोबर उलट. तिला वजनाशी देणंघेणं नाही. तिच्यासमोर अडीच मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच एक भिंत येते, आणि ती भिंत किती जोरात येते एवढंच तिला कळतं. आत गाठी आहेत की नुसता फाळका खडखडतोय, हे ती विचारत नाही. पोलिसाला दाखवता येते तशी हवेला बिल्टी (मालाचा कागद) दाखवता येत नाही.

आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. आमच्या गाडीच्या आकारावरून मी अंदाज काढला. ६० ला हवा गाडीला साधारण ११० किलोच्या जोराने मागे रेटते. ८० ला १९५ किलोच्या. टायरचं ओढणं भरलेल्या गाडीला १९५ किलोच्या घरात, रिकामीला ७०. बेरीज करा. भरलेली ३०५ वरून ३९०, रिकामी १८० वरून २६५. दोन्हीकडे वाढ ८५ किलोची. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, त्यातली चाळीस टक्के चाकापर्यंत पोचली तर डोक्यावरून पाणी. त्या हिशोबाने ८५ किलोचं हे जादा ओझं शंभर किलोमीटर ओढायला साडेपाच-सहा लिटर लागतात. वहीतला आकडा पाच. आमच्यासारख्या घरगुती हिशोबाला हा मेळ पुष्कळ झाला.

टक्क्यांत बघितलं तर रिकाम्या गाडीची अवस्था आणखी वाईट. ६० वरून ८० वर गेल्यावर भरलेल्या गाडीला सव्वापटीहून थोडा जास्त जोर लावावा लागतो, रिकामीला जवळपास दीडपट. आणि हा हिशोब मी ताडपत्री नीट आवळलेल्या भरलेल्या गाडीचा आकार धरून केलाय. रिकामी उघडी बॉडी याहून बेकार असणार. केबिनवरून आलेली हवा मागच्या पोकळीत उतरते, तिथे घुमते आणि मागच्या फाळक्याला जाऊन थडकते. ताडपत्री केबिनवरच्या कॅरिअरवर गुंडाळून ठेवलेली असेल तर तीही वाऱ्याच्या तोंडावर.

हे सगळं मी भाऊजींना वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "वैनी, मग तर पन्नासनंच चालवतो ना गाडी. चाळीसनं चालवतो. कायले साठ?"

टोमणा होता, पण प्रश्न रास्त आहे. हवा वर्गाने कमी होते म्हणून वेग कमी करत गेलं की डिझेल वाचतच जाईल असं नसतं. इंजिन स्वतः फिरायलाच काही डिझेल खातं. पिस्टनचं घर्षण, पाण्याचा पंप, एअर कॉम्प्रेसर, अल्टरनेटर यांचा खर्च तासाच्या हिशोबाने चालू असतो. गाडी हळू गेली की तेवढ्याच अंतराला तास जास्त लागतात. शिवाय टॉप गिअर एका ठरावीक वेगाखाली नीट ओढत नाही. आरपीएमच्या काट्याखाली हिरवा पट्टा असतो, आमच्या नव्या गाडीत तो हजारच्या थोडा वरून पंधराशेपर्यंत. टॉप गिअरमध्ये ५५-६० ला काटा त्या पट्ट्याच्या मधोमध बसतो. ४० ला आणलं तर एक गिअर खाली उतरावं लागतं, आणि भरलेल्या गाडीने जरासा चढ आला की दोन. तेव्हा सोन्याची जागा ५० ते ६० च्या मध्ये कुठेतरी आहे, वर नाही आणि खालीही नाही.

सरकारी चाचणीसुद्धा याच भागातली आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने १२ टनांवरच्या गाड्यांसाठी डिझेलच्या वापराचे निकष काढले. त्यात ट्रकची चाचणी एकसारख्या वेगाने घेतात, ४० ला आणि ६० ला. ८० ला घेतच नाहीत. पेट्रोल-डिझेल बचतीचं काम करणारी पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षं ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. शहराच्या आणि जुन्या दोनपदरी रस्त्याच्या काळात तो सल्ला चोख होता. आज समृद्धीवर ४५ ने जाणारा ट्रक म्हणजे मागून १२० ने येणाऱ्या कारसाठी उभी भिंत. मी तिथे ६० च म्हणेन, डावी लेन धरून.

वरची मर्यादा तर आहेच. १ ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या मालगाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर कंपनीतूनच येतो. डंपर आणि टँकरला ६० चा. युरोपात हीच मर्यादा ९० आहे. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर निक्सनने २ जानेवारी १९७४ रोजी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा लावली, निव्वळ इंधन वाचवायला. तिथले ट्रकवाले संपावर गेले. गंमत अशी की आमच्या भाऊजींचं आणि त्यांचं म्हणणं एकच होतं: आमचा वेळ म्हणजे पैसा. १९९५ मध्ये तिथे ती मर्यादा उठली. त्यांच्या ३६ टनांच्या गाड्या आजही लिटरला पावणेतीन किलोमीटरच्या आसपास देतात. त्या मानाने आपल्या संथ, बुटक्या गाड्यांनी लाजायचं काही कारण नाही.

आता काकांबद्दल. जुनी २५१८, नऊ-दहा टन रिकामं वजन, इंजिन कधीच जुनं झालेलं, तरी तिचं ॲव्हरेज नव्या गाडीच्या बरोबरीला येतं. काका कधी साठच्या वर जात नाहीत हे एक. पण खरी गोष्ट त्यांच्या ब्रेकची आहे. ते ब्रेक मारतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

मी एकदा जाम गावापासून पांढरकवड्यापर्यंत त्यांच्या शेजारी बसून गेले. यजमानांची हरकत होती, पण मला बघायचं होतं. काकांची नजर गाडीच्या पुढे अर्धा किलोमीटर. दूर डिव्हायडरच्या कटपाशी एक मोटरसायकलवाला वळायला उभा दिसला की इथूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय सुटतो. गाडी गिअरमध्येच, आपोआप हलकी होत जाते. तोपर्यंत तो वळून निघून गेलेला असतो, की काकांचा पाय पुन्हा हळूच खाली. पुढे म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता, तिथेही तेच. ब्रेकचा फुस्स आवाज त्या सगळ्या रस्त्यात क्वचितच ऐकू आला. शेजारून एक कंटेनर दणाणत पुढे गेला, म्हशींपाशी कचकन दाबून उभा राहिला, आम्ही रांगत रांगत त्याच्या मागे पोचेपर्यंत म्हशी पार. तो पहिल्या गिअरपासून पुन्हा सुरू झाला, आम्ही चौथ्यात होतो.

त्या कचकन दाबण्याची किंमत काढता येते. २८ टनांची गाडी ६० च्या वेगात असते तेव्हा तिच्यात सुमारे ३.९ मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असते. ८० ला ६.९. ब्रेक मारला की ती सगळी ड्रममध्ये तापून जाते, आणि परत त्या वेगाला यायला पुन्हा डिझेल जाळावं लागतं. ६० च्या वेगाला पाव लिटरहून थोडं जास्त, ८० च्या वेगाला अर्धा लिटर. म्हणजे आडवी आलेली एक म्हैस ८० वाल्याला ४५ रुपयांना पडते. टोलनाका, गाव, शाळा, आठवडी बाजार, रस्त्याचं काम, प्रत्येकाचे ४५-४५ रुपये मोजत जा. सपाट मोकळ्या रस्त्यावर वेगाचा दंड हवा घेते, गर्दीच्या रस्त्यावर ब्रेक घेतो. समृद्धीवर हा दुसरा दंड नसल्यातच जमा आहे, म्हणून तिथे ६० धरण्याचा फायदा उघड दिसतो. ५ जून २०२५ पासून तो रस्ता पुरा ७०१ किलोमीटर, नागपूर ते भिवंडी तालुक्यातलं आमणे असा खुला झाला. वर्ध्याच्या पुढे येळाकेळीला चढलं की थेट तिकडे उतरायचं. पण तिथे टोल भरलाय म्हणून ड्रायव्हरला वाटतं, पैसे दिलेत तर पळवून वसूल करू.

उतारावर न्यूट्रल मारणाऱ्यांनाही इथेच दोन शब्द. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनात डिझेल जाणं बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला पुन्हा डिझेल लागतं. म्हणजे बचतीच्या नावाखाली जास्तच जातं, वर इंजिनाचा ब्रेकही हातचा गेला. कसाऱ्याच्या घाटात असं करणाऱ्याला आमच्या गाडीची चावी मिळणार नाही.

वाऱ्याचं मला वहीनेच शिकवलं. जून-जुलैत मुंबईकडे जाताना ॲव्हरेज पडायचं. आधी मला वाटलं पाऊस, मग वाटलं टायर. खरं तर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि गाडी पश्चिमेकडे जात असते. समोरून २० चा वारा असेल आणि गाडी ६० ने जात असेल तर हवेच्या लेखी ती गाडी ८० ने येतेय. परत येताना तोच वारा पाठीवर. म्हणून पावसाळ्यात जाताना पाच-दहाने कमी आणि येताना थोडं सैल, असं मी सांगते. ऐकलं जातं असं नाही.

टायरमधली हवा हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. क्लिनरने टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकला म्हणजे प्रेशर बघितलं असं होत नाही, एवढंच म्हणते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, डांबर पायाला चिकटत असताना, रिमोल्ड टायरवर भर दुपारी ८० ची गाडी म्हणजे डिझेलच्या आधी टायर जाणार.

आता मुद्दा असा की हे सगळं भाऊजींना कळत नाही का? कळतं. दहावीनंतर त्यांनी फिजिक्स पाहिलं नसेल, पण स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला गाडी कुठे रेटते आणि कुठे सुटते ते माझ्याहून चांगलं कळतं. तरी ते पळवतात, कारण वेग ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

एक तर केबिन. मेमध्ये बाहेर ४५ अंश, खाली इंजिन, वर पत्रा. गाडी पळाली तरच खिडकीतून वारा येतो. ६० आणि ८० चा फरक तिथे डिझेलमध्ये नसतो, घामामध्ये असतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. मालक मंडळी कुरकुरतात की एसी डिझेल खातो. खातोच. पण थंड बसलेला माणूस ६० ने जाईल तर एसी फुकटात पडेल, असं माझं मत आहे. आमची गाडी त्या आधीची, तेव्हा हे मत वहीत तपासलेलं नाही.

दुसरं म्हणजे नंबर. जिनवर गाडी लवकर लागली तर लवकर भरते. तीन गाड्या पुढे लागल्या तर दिवस गेला. आणि खाली करायच्या ठिकाणी उलटं: ठाण्या-भिवंडीकडे गर्दीच्या वेळी जड गाड्यांना बंदी असते, गोदाम सकाळी उघडतं, हमाल चहा पिऊन येतात. ७०० किलोमीटर ८० ने गेलं तर पावणेनऊ तास, ६० ने पावणेबारा. तीन तासांचा फरक. हे तीन तास पहाटे चार वाजता गोदामाच्या बंद शटरसमोर घालवायचे असतील तर ते तीन हजारांना विकत घेतलेले तीन तास आहेत. झोप चांगली लागते म्हणतात भाऊजी. एवढ्या पैशात लॉजमध्ये राहा म्हणावं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कधी कधी पळवणं परवडतं. सीझनमध्ये जिनवाल्याने सांगितलं की संध्याकाळी सहापर्यंत गाडी लागली तर आज भरतो, नाहीतर सोमवारी, तर तिथे ३५ लिटरचं तोंड बघायचं नाही. दोन दिवस उभी राहिलेली गाडी कर्जाच्या हप्त्याला त्याहून महाग पडते. म्हणून आमच्याकडे आता नियम असा आहे: रिकामी गाडी पळवायची तर पुढचं भाडं पक्कं पाहिजे, वेळ ठरलेली पाहिजे, आणि फोन मला आला पाहिजे. नुसतं "घरी लवकर पोचतो" हे कारण नाही. घरचे काही पळून जात नाहीत.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे डिझेल कोणाचं. आमच्याकडे पूर्वी भाऊजी टाकी भरायचे, मी पैसे द्यायचे. किती लागलं याच्याशी त्यांचा संबंध फक्त माझ्या बोलण्यापुरता. काकांचं सासऱ्यांच्या वेळेपासून ट्रिपला डिझेल बांधलेलं आहे. वाचलं तर त्यांचं. काका ६० च्या वर का जात नाहीत याचं अर्धं उत्तर म्हाताऱ्याच्या शहाणपणात असेल, अर्धं या करारात आहे. मग मी भाऊजींनाही तसंच म्हटलं. भरलेली ट्रिप सव्वाचारने, रिकामी साडेसहाने डिझेल धरायचं, वाचेल त्यात अर्धं त्यांचं, अर्धं घराचं. घरातल्या माणसाशी असा करार करताना यजमानांना अवघड वाटलं. भाऊजींना मुळीच वाटलं नाही. "लेखी देता का वैनी?" एवढंच विचारलं.

दिलं लेखी. तेव्हापासून जीपीएसवरची लाल रेघ बरीच निवळली आहे, रिकाम्या फेऱ्यांत जास्तच. यात एक खोट आहे ती सांगते. डिझेल बांधून दिलं की ड्रायव्हर टोल वाचवायला आतल्या रस्त्याने जात नाही हे चांगलं, पण तो इंजिन बंद करून झोपतो, आणि उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये झोपणं सोपं नाही. चालू इंजिन उभ्या गाडीत तासाला दीड-दोन लिटर खातं, ते त्याला आता आपल्या खिशातून दिसतं. म्हणून मे-जूनमध्ये मी रात्रीच्या मुक्कामाचे चार लिटर वेगळे धरते. माणूस झोपला पाहिजे.

सध्या वाद चालू आहे तो केबिनवरच्या कॅरिअरचा. माझं म्हणणं, वर सजावटीचा लाकडी शो, दोन भोंगे, झालर आणि गुंडाळलेली ताडपत्री असं जे आहे ते सगळं वाऱ्याच्या तोंडावरून काढा. रिकामी गाडी असताना ताडपत्री मागे बॉडीत, फाळक्याला बांधून टाका. भाऊजींचं म्हणणं, शोवर गजानन महाराजांचा फोटो आहे, तो कसा काढायचा. शेवटी ताडपत्री खाली उतरली, भोंग्यांपैकी एक उतरला, झालर दिवाळीपर्यंत राहणार आहे. महाराज आता काचेच्या आतल्या बाजूला डॅशबोर्डवर आहेत. शो तेवढा बाकी आहे. वर्ध्याच्या बॉडीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो शोच्या जागी तिरका पत्रा मारून देतो, वारा वरून जाईल. किती पैसे घेणार ते अजून सांगत नाहीये. कोणी आपल्याकडच्या उघड्या बॉडीच्या दहाचाकीला असा पत्रा बसवला असेल तर आधीचं आणि नंतरचं ॲव्हरेज कळवा. टाकी टू टाकी मोजलेलं.